कथेआधीचे विशेषण

मराठी कथासंग्रहांची परीक्षणे वाचताना 'म्हणून' हा एक निरुपद्रवी दिसणारा शब्द वारंवार भेटतो. 'विज्ञानकथा म्हणून संग्रह वाचनीय आहे.' 'ग्रामीण कथा म्हणून लेखकाची निरीक्षणशक्ती दाद देण्याजोगी आहे.' 'भयकथा म्हणून पाहता भाषा बरीच संयत आहे.' वाक्य कौतुकाचे असते, लेखकही ते कात्रण जपून ठेवतो. पण या 'म्हणून'मध्ये एक सवलत दडलेली असते आणि सवलतीत एक अंतर. कथेला पंगतीला बोलावले आहे, मात्र तिचा पाट जरा बाजूला मांडला आहे. शहरी घरातल्या, मनाचे कंगोरे उलगडणाऱ्या कथेबद्दल 'मध्यमवर्गीय कथा म्हणून चांगली' असे कुणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. ती नुसती 'कथा' असते. विशेषण लागते ते बाकीच्यांना.

हा मुद्दा आम्हाला का छळतो, ते सांगायला हवे. आम्ही दोघे तालुक्याच्या गावी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. वये चाळिशीतली, शिक्षण मराठीतले एम. ए. आणि त्यापुढचे नेहमीचे सोपस्कार. विद्यार्थी ज्या नावांनी हाक मारतात तीच इथे वापरायची, तर एक मॅडम आणि एक सर. मॅडमच्या माहेरी 'सत्यकथे'चे जुने अंक वर्षवार बांधून काचेच्या कपाटात ठेवलेले होते. लहानपणी त्यांना हात लावायचा तर आधी हात धुवावे लागत. सरांचे वाचन एस. टी. स्टँडसमोरच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत झाले. तिथे रोजच्या पन्नास पैसे भाड्याने बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार मिळे, नारायण धारपांचे समर्थ मिळत, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मिळत, आणि पाने सुटलेली असली तर भाड्यात सूटही मिळे. पुढे दोघांनी एकच अभ्यासक्रम शिकला, एकच अभ्यासक्रम शिकवू लागलो. गेली काही वर्षे कथासंग्रहांवर मिळून लिहितो. मॅडमना वाक्य ऐकू येते, सरांना घटना दिसते. भांडण बहुधा तिथूनच सुरू होते.

विशेषण नसलेल्या कथेचा इतिहास तसा फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर या चौघांच्या नावाने जी नवकथा ओळखली गेली, तिलाही आरंभी विशेषण होतेच. 'नव' हा उपसर्ग तिने काही काळ मिरवला आणि पुढे तो गळून पडला, कारण तीच कथेची मापपट्टी झाली. गंमत माडगूळकरांची आहे. नवकथेच्या प्रकरणात त्यांचे नाव चौथे येते आणि ग्रामीण कथेच्या प्रकरणात पहिल्या काहींत. 'माणदेशी माणसं' (१९४९) मधला धर्मा रामोशी नेमका कोणत्या प्रकरणात शिकवावा? व्यक्तिचित्र म्हणावे तर त्याला कथेचा पीळ आहे, कथा म्हणावी तर तीत सांगण्यासारखे कथानक फारसे नाही. आम्ही तो दोन्हीकडे शिकवतो, आणि विद्यार्थी दोन्ही उत्तरांत तोच उतारा लिहितात. असो.

'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली, पण तिच्या परिसरात घडलेली समीक्षेची परिभाषा आजही आमच्या प्रश्नपत्रिकांतून वावरते. अनुभवाची अस्सलता, सूचकता, संयम, व्यामिश्रता, अल्पाक्षरत्व. ही हत्यारे वाईट नाहीत. त्या काळातल्या कथाकारांनी भाषेला जे बारीक वळण दिले ते या शब्दांशिवाय दाखवताच आले नसते. पण प्रत्येक हत्यार विशिष्ट कामासाठी घडलेले असते. सोनाराचा चिमटा घेऊन नांगराचा फाळ धरायला गेले आणि तो निसटला, तर दोष फाळाचा नसतो.

आता एक विसंगती पाहा. कथेची व्याख्या वर्गात सांगताना आम्ही सगळेच 'एकात्म परिणाम' हा शब्द फळ्यावर लिहितो: कथा एका बैठकीत वाचून व्हावी, तिच्यातला प्रत्येक तपशील एकाच परिणामाकडे जावा, वगैरे. ही कल्पना आली कुठून? एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' या संग्रहाचे परीक्षण लिहिले, त्यातून. म्हणजे जगभरच्या कथासमीक्षेचा एक पाया एका पुस्तक-परीक्षणात घातला गेला, ही परीक्षणे लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना सुखावणारी गोष्ट. पण तो परीक्षक कोण होता? आदल्याच वर्षी, १८४१ मध्ये, 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' लिहून ज्याने आधुनिक रहस्यकथेची वाट पाडली, भयकथेला ज्याने तिचे नेमकेपण दिले, तो. परिणाम, तयारी, शेवटाकडे जाणारा प्रत्येक शब्द हे सारे पोला सुचले, कारण भीती आणि रहस्य हा त्याचा रोजचा व्यवसाय होता. त्याची व्याख्या आम्ही घेतली, पाठ केली, परीक्षेला विचारली. आणि ज्या कथाप्रकारांतून ती उगवली त्यांना 'रंजनप्रधान' असा शिक्का मारून अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले.

मराठीत या विभागणीला नियतकालिकांच्या व्यवहाराचाही हातभार आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा एकाच अंकात सगळे वाढण्याची कल्पना होती. पुढे प्रत्येक चवीचे घर वेगळे झाले: विनोदासाठी 'आवाज', रहस्यकथेसाठी 'धनंजय', अद्भुतासाठी 'नवल', आणि ज्याला 'वाङ्मयीन' म्हणतात त्यासाठी 'मौज' व तिचे सगेसोयरे. वाचक मोकळेपणाने सगळ्या घरी जात होता. एकाच घरातल्या दिवाणखान्यात हे सारे अंक एकावर एक पडलेले आम्ही दोघांनीही पाहिले आहेत. समीक्षक मात्र एक-दोन घरांच्या पुढे गेला नाही. भालचंद्र नेमाडे यांनी तर लघुकथा हा प्रकारच गौण ठरवला. त्यांचा तो पवित्रा आम्ही दरवर्षी वर्गात मांडतो आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो, मग आम्ही ही कथा का शिकतो? अंकाच्या पानांच्या हिशेबाने कथेची लांबी ठरली, संपादकाच्या आवडीने तिचा घाट ठरला, हे खरेच आहे. पण म्हणून ज्या घरांकडे पाहिलेच गेले नाही त्यांच्याविषयी काही सिद्ध होत नाही.

आम्ही स्वतःपुरता एक मार्ग काढला आहे. कोणतीही कथा पहिल्या पाना-दोन पानांत वाचकाला एक शब्द देते. विज्ञानकथा म्हणते, अमुक एक गोष्ट शक्य आहे असे धर, त्यापुढचे सगळे मी तर्काने चालवीन. भयकथा म्हणते, या ओळखीच्या घरात तुला अनोळखी करून सोडीन. विनोदी कथा म्हणते, मी सांगते त्या माणसाला तू हसशील, पण त्याला सोडून जाणार नाहीस. परीक्षकाचे पहिले काम हा दिलेला शब्द ऐकणे, आणि दुसरे, कथेला त्या शब्दाला जागायला लावणे. सवलत नको आणि परका निकषही नको. बोलायला हे सोपे आहे, प्रत्यक्षात अडचणी निघतात.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. पुढे एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातही ती घेतली गेली, त्यामुळे काही विद्यार्थ्यांना ती आधी इंग्रजीतच भेटलेली असते. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पोचतात जिथे १७६१ सालचे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. मुंबईला ते जातात, टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात बसून स्वतःचेच इतिहासग्रंथ चाळतात आणि इतिहास नेमका कुठे वळला ते शोधतात. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेलेली असते. नेहमीच्या मापाने मोजले तर परीक्षणात काय येईल? व्यक्तिरेखा एकपदरी आहे, गंगाधरपंतांच्या अंतरंगाचा ठाव लागत नाही, भाषा निवेदनापुरती आहे. यातले काहीच खोटे नाही आणि कशाचाच उपयोग नाही. इथे कथेचा खरा नायक आहे एक प्रश्न, एका गोळीचा. गंगाधरपंतांचे मन जितके आपल्याला कळते तितके त्या प्रश्नाला पुरते.

पण म्हणून कथेला मोकळे सोडायचे का? तिने दिलेल्या शब्दाच्याच कसोटीवर आम्ही तिला दोन बाबींत तपासतो. एक बाब तिच्या बाजूने जाते. ९९९ सभांचे अध्यक्षस्थान भूषवलेले हे गृहस्थ त्या दुसऱ्या मुंबईत आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून अस्वस्थ होतात, स्वतःच जाऊन तीत बसतात आणि श्रोत्यांच्या हातून त्यांचे जे होते ते पानिपतच. त्या जगात सभांना अध्यक्ष नसतोच! पर्यायी इतिहासाची कल्पना साम्राज्य-सत्तेपुरती न ठेवता आपल्या सभा-संमेलनांच्या संस्कृतीपर्यंत खाली आणणे, हे विज्ञानकथेच्या चौकटीत राहून केलेले अस्सल विनोदी लेखन आहे, आणि शीर्षकातला 'पानिपत' हा शब्द त्यामुळे दोन्ही अर्थांनी फळतो. दुसरी बाब विरुद्ध जाते. कथेच्या उत्तरार्धात राजेंद्र देशपांडे गंगाधरपंतांना या साऱ्याची शास्त्रीय उपपत्ती समजावून सांगतात. दोन माणसे बसली आहेत, एक बोलतो आहे, दुसरा शंका विचारतो आहे. विज्ञानकथेत स्पष्टीकरण हाच शोध असायला हवा. इथे शोध आधीच संपलेला आहे आणि स्पष्टीकरण उरले आहे. ही त्रुटी सांगण्यासाठी नवकथेकडे जावे लागत नाही, विज्ञानकथेचे स्वतःचे कायदे पुरतात. नारळीकरांना असे मोजमाप आवडले असते, असे आपले आम्हाला वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' पाठवताना त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले होते. स्वतःची आद्याक्षरे उलट करून तयार केलेले. जगभर मान्य झालेल्या खगोलशास्त्रज्ञाला आपली कथा कथा म्हणूनच वाचली जावी असे वाटले होते. हाही 'म्हणून'च, पण सवलत नाकारणारा. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले, तेव्हाच्या लेखांत त्यांच्या विज्ञानप्रसाराविषयी भरभरून आले. कथांची बांधणी कुणी फारशी उघडून पाहिली नाही.

भयकथेच्या बाबतीत आमचे मतभेद अधिक तीव्र आहेत. सरांच्या मते धारपांचे सामर्थ्य त्यांच्या सपाट वाटणाऱ्या गद्यात आहे. घराचा नकाशा, दिव्याचा उजेड कुठवर पोचतो, जिन्याला पायऱ्या किती, घरात त्या रात्री कोण कोण आहे, हे सारे ते महसुली पंचनाम्याच्या शांतपणे सांगतात. वाचकाचा विश्वास बसला की मगच त्या घरातली एक वस्तू जागची हलते. ही भाषा अलंकृत केली तर भीती तत्काळ मरेल. मॅडमचे म्हणणे असे की हे सगळे मान्य करूनही कथेच्या शेवटी समर्थांसारखा समर्थ पुरुष येऊन अरिष्ट निवारतो तेव्हा दिलेला शब्द मोडला जातो. अनोळखी करून सोडण्याचे वचन देऊन कथा आपल्याला सुखरूप घरी पोचवते. शिवाय उसनवारीचा प्रश्न आहेच. धारपांच्या 'लुचाई' या कादंबरीचा स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'शी असलेला संबंध वाचकांना ठाऊक आहे. सरांचे उत्तर ठरलेले: पिशाच उसने असेल, पण वाडा उसना नाही. मॅडमना ते पटत नाही, पण पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांनी ते वहीत टिपून ठेवले होते.

याच वादात एकदा जी. ए. कुलकर्णींची 'स्वामी' मध्ये आली. 'पिंगळावेळ' (१९७७) मधली ही कथा. प्रवासात अडलेल्या एका माणसाला मठात नेले जाते, अत्यंत आदराने त्याला स्वामीपद दिले जाते, आणि जमिनीखालच्या ज्या जागेत त्याला आणलेले असते तिथून तो पुन्हा बाहेर पडू शकत नाही. हिच्यावर जे लिहिले गेले त्यात नियती, अस्तित्व, प्रतीक हे शब्द आले आणि ते यावेतच. शेवटी हवेच्या वाटेने उजेडाकडे चढत जाणारा तो वेल विसरणे शक्य नाही. पण बांधणी पाहा. निर्जन रात्र, सौजन्यशील यजमान, जरा जास्तच चांगला पाहुणचार, उशिरा कळणारा हेतू, बंद होणारे दार. भयकथेचा हा अगदी पारंपरिक सांगाडा आहे आणि जी. एं.नी तो लपवलेलाही नाही. कथेच्या पूर्वार्धातली वाचकाची धडधड ही चिंतनाची नव्हे, भीतीची आहे. ती भीती नसती तर उत्तरार्धातले चिंतन तरले नसते. एका संग्रहात आली की 'अस्तित्ववादी', दुसऱ्या अंकात छापली असती तर 'गूढ'. आम्ही दोघे ज्या थोड्या गोष्टींवर एकमताने सही करू, त्यांपैकी ही एक.

विनोदी आणि ग्रामीण कथेबाबत एकच सांगतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळकर यांनी कथाकथनाचे जे कार्यक्रम गावोगाव केले, त्यांतून कथा पुन्हा कानाकडे गेली. मिरासदारांची कथा पानावर वाचताना काही ठिकाणी पसरट वाटते. तीच मोठ्याने वाचा, पुनरुक्ती ठेक्याचे काम करू लागते. म्हणून अशी कथा आम्ही स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचतो. शेजारच्या टेबलावरचे वाणिज्य विभागाचे सहकारी मान वर न करता हसले, तर परीक्षणातले एक वाक्य निश्चित होते.

दोन वर्षांपूर्वी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही एक प्रयोग केला. प्रयोग नवा नाही, केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे काढून कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या आणि त्यावर १९२९ साली पुस्तक लिहिले, हे सगळेच शिकवतात. आम्ही चार कथांच्या झेरॉक्स प्रती दिल्या. लेखक, संग्रह, शीर्षक सगळे झाकलेले. प्रत्येकाने एक पान लिहायचे: ही कथा काय शब्द देते आणि तो पाळते का. 'स्वामी'ला बहुतेकांनी भयकथा म्हटले, ते अपेक्षितच होते. आश्चर्य दुसऱ्या कथेने घडवले. बाबुराव बागूलांची 'जेव्हा मी जात चोरली होती', त्याच नावाच्या १९६३ च्या संग्रहातली. रेल्वेच्या नोकरीवर परक्या गावी गेलेला तरुण. खोली मागायला गेला की पहिला प्रश्न जातीचा. तो जात सांगत नाही, लोक आपापले अर्थ काढतात, माया लावतात, आणि एक दिवस कळते. त्यानंतरची मारहाण.

वर्गातल्या पाच-सहा जणांनी हिला रहस्यकथा म्हटले. एका मुलीने अगदी नेमके लिहिले होते: कोणी गुन्हा केलेला नाही, तरी नायक गुन्हेगारासारखा प्रत्येक वाक्य तोलून बोलतो, आणि तो आता पकडला जाईल या धास्तीने आपण पाने उलटतो. सर या निरीक्षणावर बेहद्द खूश झाले. बागूलांवर लिहिताना विद्रोह, दाहकता, वेदना हे शब्द इतके सरावाने येतात की त्यांच्या कथेची रचना किती कसलेल्या हाताची आहे, ताण ते कसा थेंबाथेंबाने वाढवतात, हे सांगायचे राहूनच जाते. 'दलित कथा म्हणून' वाचण्याच्या सवयीने बागूलांमधला कारागीर झाकला गेला, असे सरांचे म्हणणे. मुलीचे ते पान त्यांनी वर्गात वाचून दाखवले.

मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने मात्र पान भरले नव्हते, तीनच ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा आशय असा: ही रहस्यकथा नाही, कारण रहस्य वाचकासाठी असते, पहिल्या पानावर खोलीचा प्रश्न आला तेव्हाच मला पुढचे सगळे माहीत होते, जूनमध्ये इथे खोली शोधताना मी तीन ठिकाणी गावाचे नाव सांगितले, आडनाव सांगितले नाही. खाली त्याने अनुक्रमांक लिहिला होता, नाव नव्हते. सूचनाच तशी होती.

त्या तीन ओळींवर आम्ही दोघे आजतागायत वाद घालतो आहोत. मॅडमचे म्हणणे, रचना वेगळी काढून पाहण्याची चैन ज्याला परवडते तोच ती करतो. त्या मुलाला कथा पुढे नेत नव्हती, मागे नेत होती. आणि परीक्षण लिहिणाऱ्याने आपण कोणत्या बाकावर बसून वाचतो आहोत हे आधी सांगायला हवे. सरांचे म्हणणे, बागूलांनी ही कथा त्या मुलासाठी लिहिली तशीच ती ज्याला पुढचे काहीच माहीत नाही त्याच्यासाठीही लिहिली. ज्याला कधी कोणी आडनाव विचारले नाही त्याला दहा-बारा पानांपुरते तरी श्वास रोखून बसवायचे, यासाठीच तो ताण योजलेला आहे. ते कौशल्य न सांगणे म्हणजे पुन्हा लेखकाला फक्त साक्षीदार ठरवणे. दोघांचेही म्हणणे आम्हाला, म्हणजे दोघांना मिळून, खरे वाटते. ते एका वाक्यात बसवता आलेले नाही. त्या मुलाला आम्ही काही विचारले नाही. सत्राच्या शेवटी त्याने ग्रंथालयातून 'मरण स्वस्त होत आहे' नेले, एवढे नोंदवहीत दिसले.

लेखक कोण आणि वाचक कोण, हा प्रश्न कथेच्या बाहेरचा मानायचा की आतला, याची मराठीत जुनी उदाहरणे आहेत. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आले तेव्हा चर्चेचा मोठा भाग 'विभावरी शिरूरकर' म्हणजे नेमके कोण, बाई की बुवा, यातच खर्ची पडला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले बाळूताई खरे यांनी कसे लिहिले, त्यातले स्वगत कसे बांधले, याकडे वळायला पुष्कळ वेळ गेला. तिथे लेखकाच्या शोधाने कथा झाकली. आमच्या वर्गात नाव झाकल्याने एक गोष्ट उघडी पडली आणि एक जवळजवळ हातची गेली होती, तीन ओळींनी परत आणली. त्यामुळे नावे झाकून वाचणे हा रामबाण आहे असे आम्ही कुणाला सांगत नाही.

कामाची पद्धत म्हणाल तर साधी आहे. दोघे स्वतंत्र वाचतो. प्रस्तावना आणि मलपृष्ठ शेवटी. मराठी प्रस्तावना बहुधा कथेचे सार सांगते आणि नात्यातल्या ज्येष्ठाचा आशीर्वाद देते, दोन्ही आधी नको. संग्रहातल्या सगळ्या कथांची नावे घेऊन प्रत्येकीला एक विशेषण वाटणारे परीक्षण आम्ही लिहीत नाही. तो परीक्षणाचा हजेरीपट झाला. दोन किंवा तीन कथा घेतो, पण पुरत्या उघडतो. रहस्यकथेचा शेवट फोडत नाही. इतर कथांचा फोडायला हरकत नाही असे मॅडम मानतात, सर मानत नाहीत.

अलीकडच्या कथेने हे काम अधिक अवघड करून ठेवले आहे, ही समाधानाची बाब. जयंत पवार यांना 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'साठी २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गिरण्या गेल्यानंतरची त्यांची मुंबई गुन्हा, अफवा, स्वप्न आणि बातमी यांच्या मिश्रणातून उभी राहते. 'वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा' तर गुन्हेगारी कथेच्या वेगाने धावते. तिला 'थरारक' म्हणावे तर अपुरे, 'महानगरीय' म्हणावे तर निर्जीव. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ चा पुरस्कार मिळाला. तो वाचताना 'ग्रामीण कथा' या शब्दाबरोबर मनात आपसूक येणारा खुमासदारपणा पहिल्या कथेतच बाजूला ठेवावा लागतो. इथले गाव हसवायला बसलेले नाही. किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला २०२१ चा. पुरस्कार मिळाला की विशेषण गळते, आणि पुन्हा कथा उरते. ते आधीच गळावे यासाठी पुरस्काराची वाट का पाहावी लागते, हे मात्र कळत नाही.

सध्या आमच्या टेबलावर एका तरुण लेखिकेचा पहिलाच संग्रह आहे. मलपृष्ठावर 'दाहक सामाजिक कथा' असे छापले आहे, आणि आतल्या आठ कथांपैकी तिसरी सरळ भुताची आहे. कर्ज काढून खणलेल्या शेततळ्यात रात्री कुणीतरी उतरते, सकाळी काठावरचा प्लास्टिकचा कागद ओला असतो, पाणी मात्र तसूभर हललेले नसते. मॅडमच्या मते ते पाऊल बँकेच्या वसुलीचे आहे. सरांच्या मते ते भूतच आहे, आणि लेखिकेने ते भूत राहू दिले हेच तिचे धैर्य. कथा काल मोठ्याने वाचून झाली. वाणिज्य विभागाचे सहकारी या वेळी हसले नाहीत, त्यांनी शेवट विचारला. परीक्षण सोमवारपर्यंत द्यायचे आहे, शब्द तीनशे.